आक्कांच्या नावावरचा हुकूम

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी खडी भरलेली एक मालगाडी हिरवा सिग्नल पाहून नदीच्या पुलावर शिरली. पुलावर त्या वेळी पाच कामगार होते आणि त्यांची ढकलट्रॉली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावले, आणि गाडी ट्रॉलीपासून चाळीस पावलांवर उभी राहिली. चौघे जागच्या जागी खिळले होते. पाचव्याने खाली उडी टाकली आणि उथळ पाण्यात पाय मोडून घेतला.

मेलं कुणी नाही, म्हणून वर्तमानपत्रांना त्यात रस नव्हता. पण सिग्नल हिरवा कुणी केला हे विचारणं भाग होतं. ते विचारायला गुरुवारी जी बाई आली, तिला कंट्रोलच्या खोलीत पाऊल टाकताच बातमी मिळाली की त्या सकाळच्या फोनवरच्या बोलण्याची टेप अकरा दहापासून अकरा एकवीसपर्यंत पुसलेली आहे.

"अकराच मिनिटं," मुख्य नियंत्रक म्हणाले. "नव्व्याण्णव टक्के टेप शाबूत आहे."

बाई सुरक्षा विभागाची तपासनीस. तीस वर्षांत तिने जितके अपघात उलगडले, त्यातले निम्मे टेपा ऐकून. कोण कुठे अडखळलं, कुणी श्वास घेतला, मागे दार वाजलं की खुर्ची सरकली, हे तिला बरोबर ऐकू यायचं. म्हणून सगळी रेल्वे तिला पाठीमागे कानकोरणी म्हणायची, आणि तिला ते नाव मनातून आवडायचं. कानकोरणीच्या चौकशीत नेमकी टेपच गायब व्हावी, हा तिला सरळसरळ अपमान वाटला.

मुख्य नियंत्रकांनाही टोपणनाव होतं. ते टक्केसाहेब. दिवसाला वीस वेळा तरी टक्के सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. त्यांनी केबिनमधल्या पडद्यावर नोंद दाखवली. "बघा. आठ महिन्यांपासून गाड्यांचे हुकूम यंत्रात भरायचे. नियंत्रकाने दोन रकाने भरले की सिग्नल आपोआप फिरतात. पहिला रकाना जाणाऱ्या गाडीचा, दुसरा थांबणाऱ्या गाडीचा. मंगळवारी, अकरा सोळा. जाणारी, मालगाडी. थांबणारी, ट्रॉली. आणि खाली नाव."

खाली नाव आक्कांचं होतं, त्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या नियंत्रकबाईंचं.

"उलटं भरलं त्यांनी," साहेब हळहळले. "वय झालं. मी कागद तयार ठेवलाय. चूक कबूल केली तर सन्मानाने निवृत्ती, नाही तर बडतर्फी. चार वाजेपर्यंत तुमचीही सही झाली की मोठ्या साहेबांकडे पाठवतो."

"आक्का काय म्हणतात?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. सहीच्या जागी पेन्सिलीने एकच शब्द दाबून लिहिला होता: नाही.

२

खोलीबाहेरच्या बाकावर कामगारांचा मुकादम सकाळपासून बसून होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझी साक्ष घ्यायची नाही म्हणे," तो म्हणाला. "यंत्रात सगळं आहे म्हणे. अहो, पुलावर मी होतो का यंत्र होतं?"

कानकोरणी त्याच्या शेजारी बसली. "आक्का फोनवर काय म्हणाल्या?"

"मालगाडी थांबेल, ट्रॉली जाईल. अगदी अशाच. जुन्या माणसांची पद्धतच ती. थांबणारीचं नाव आधी. फोन मध्येच तुटला तरी निम्मं वाक्य कानावर पडतं ते थांबायचंच पडतं. कुणी मरत नाही." त्याने गुडघ्यावर हात आपटला. "आक्कांनी बोलण्यात चूक केली नाही. उलट सिग्नल हिरवा झाल्याचं त्यांनीच पाहिलं आणि रेडिओवर ड्रायव्हरला असा आवाज दिला की तो म्हणतो, माझ्या आईनेसुद्धा मला असं कधी झापलं नव्हतं."

"पण पुलावर ट्रॉली असताना यंत्राने गाडी सोडलीच कशी?"

"ट्रॉलीची चाकं यंत्राला दिसत नाहीत ना. गाडी दिसते, ट्रॉली नाही. पूर्वी पुलाजवळच्या टेकडीच्या स्टेशनात मास्तर असायचा, त्याला दिसायची. आता तिथे कुलूप आहे."

कानकोरणी उठायला लागली. मग सवयीने परत बसली. "टेप नाही माझ्याकडे. तुम्हीच माझी टेप व्हा. फोनवर आणखी काय ऐकू आलं? काहीही."

मुकादमाने डोळे मिटले. "ट्रॉली म्हणताना आवाज एकदम बारीक झाला. मग कपबशा वाजल्या. आणि कुणीतरी हसलं."

"आक्का हसल्या?"

"बाईमाणूस नव्हतं," मुकादम म्हणाला.

३

कंट्रोलच्या खोलीत चार टेबलं होती. तीन टेबलांवर तरुण नियंत्रक टकाटक बोटं आपटत होते. चौथं टेबल खिडकीजवळचं, आक्कांचं. निलंबित असूनही त्या तिथेच, स्वतःच्या खुर्चीत बसून होत्या. उठवायची कुणाची छाती झाली नव्हती. समोर त्यांचा हाताने काढलेला चार्ट होता, त्यावर रंगीत पेन्सिलींच्या तिरक्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी. पेन्सिलींचा डबा कीबोर्डवर ठेवलेला होता.

दारावर पाटी होती: यंत्रांजवळ चहा-पाणी सक्त मना. कपबशी इथे वाजलेली नाही, हे कानकोरणीने ओळखलं.

"सही का करत नाही, आक्का?"

"केली नाही ती चूक कबूल कशी करू? मी बोलले ते बरोबर बोलले. पस्तीस वर्षं बोलतेय."

"बोललात बरोबर. पण यंत्रात उलटं भरलं गेलं, असं नोंद म्हणते."

आक्का चार्टवरची एक रेघ पुन्हा गिरवू लागल्या. एवढी तडफदार बाई, पण या प्रश्नाला ताकास तूर लागू देईना. कानकोरणीने हळूच पेन्सिलींचा डबा उचलला. खालच्या कीबोर्डवर कारखान्यात लावलेलं प्लास्टिक जसंच्या तसं चिकटलेलं होतं. आठ महिन्यांत या बाईच्या नावावर सहा हजार हुकूम होते, आणि कीबोर्डला तिचं एक बोटही लागलेलं नव्हतं.

"आक्का, मी तुमची शत्रू नाही. हे हुकूम कोण भरतं?"

"तुम्ही माझ्या लेकीला यात ओढणार असाल तर मी बडतर्फी घेते," आक्का ताठ बसून म्हणाल्या. "हे यंत्र तिच्या कंपनीचं. तिने बांधलंय. आमच्या घरात रेल्वे हा विषय बंद आहे, आठ महिने. पहिल्याच दिवशी भांडण झालं, ती म्हणाली आई, तू शिकूनच घेत नाहीस, मी म्हणाले तू मला शिकवणारी कोण. तेव्हापासून जेवताना फक्त मीठ मागतो एकमेकींना." त्या थांबल्या. मग नको नको म्हणत असतानाही त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. "पण पोरीने यंत्र असं केलंय की बघत राहावं. मी नुसतं फोनवर बोलते आणि ते आपलं आपण भरतं. साहेबांनीच सांगितलं मला, आक्का, तुम्ही शिकायची गरज नाही, तुम्ही बोला, त्याला ऐकू येतं. बिचारं मधूनमधून दुरुस्तीला असतं, साहेब मीटिंगला गेले की हमखास. मग मला नुसतं बसवतात आणि माझ्या गाड्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा बघतो. पण एरवी आठ महिने त्याने माझा शब्द खाली पडू दिला नाही. मंगळवारी चुकीचं ऐकलं असेल. एकदा चुकलं. माणूस चुकत नाही का?"

म्हणजे या बाईने लेकीच्या यंत्रासाठी स्वतःची पस्तीस वर्षं पणाला लावली होती. कानकोरणीला भरून आलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. राग कुणावर काढायचा, ते अजून ठरायचं होतं.

४

लेक तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत यंत्रांच्या कपाटांमध्ये बसली होती. डोळे सुजलेले होते, पण मान आईसारखीच ताठ.

"टेप पुसायचा अधिकार दोघांना आहे," तिने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "मला आणि साहेबांना. मी पुसली नाही. पण तुम्हाला ते खरं वाटेल असं माझ्याकडे काही नाही."

"आईला वाचवायला पुसली असशील, असं कुणीही म्हणेल."

"म्हणू देत." तिने नाक पुसलं. "तिची चूक आहे हे मला नोंद बघताच कळलं. घरी लहानपणापासून ऐकतेय, थांबणारी आधी, थांबणारी आधी. मी रकाने आखले तेव्हा जाणारी आधी ठेवली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे उलटं आहे, एक दिवस कुणाचा तरी हात जुन्या सवयीने जाईल. मी म्हटलं, सवयी बदलतात. आणि खरंच बदलली तिने. सहा हजार हुकूम. मी रोज घरी जाऊन तिचे आकडे बघायची आणि तिला काही बोलायची नाही. मला वाटायचं, हट्टी म्हातारी, माझ्यासाठी शिकली."

"उलटं भरून लगेच दुरुस्त केलेले हुकूम किती आहेत तिच्या नावावर?"

लेकीने शोधलं. "एकोणीस. एकोणीस वेळा थांबणारी गाडी पहिल्या रकान्यात पडली आणि दोन-तीन सेकंदांत बदलली. विसाव्या वेळी बदलली नाही. ती मंगळवारची."

"आणि यंत्र दुरुस्तीला किती वेळा होतं?"

"दुरुस्तीला?" लेक गोंधळली. "आठ महिन्यांत एकदाही नाही."

"आई म्हणते, ती नुसतं बोलते आणि यंत्र ऐकून भरतं."

लेकीने पडद्यावरची नोंद पुन्हा वरपासून खाली पाहिली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या यंत्राला कान नाहीत."

५

पावणेचारला कानकोरणीने सगळ्यांना टक्केसाहेबांच्या केबिनमध्ये जमवलं. आक्का आणि लेक टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. मुकादम दारात उभा राहिला, त्याला बसा म्हटलं तरी बसला नाही. साहेबांच्या टेबलावर कपबशांचा ट्रे होता, आणि फोन होता, जुना, काळा, कंट्रोलच्या वायरीवर जोडलेला.

"पंधरा मिनिटं उरलीत," साहेब म्हणाले. "सही?"

"आधी थोडं ऐका. आक्कांच्या नावावर सहा हजार हुकूम आहेत आणि त्यांच्या कीबोर्डचं प्लास्टिकही फाटलेलं नाही. म्हणजे भरणारे हात दुसरे. त्यांचं नाव आणि पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"मला," लेक म्हणाली. "सुरुवातीला सगळ्यांचा पासवर्ड मीच टाकून दिला होता. यादी साहेबांना दिली होती."

"मग एक तर ही, नाही तर तुम्ही. हिने यंत्र बांधलंय, रकाने हिने आखलेत. ते उलटे भरायची चूक हिच्या हातून एकवेळ होईल, एकोणीस वेळा होणार नाही. ती चूक करायला थांबणारी आधी, हे हाडात मुरलेलं लागतं. ज्याने बावीस वर्षं फोनवर हुकूम दिलेत, त्याचा हात घाईत तसाच जातो." ती वळली. "साहेब, तुम्ही या खुर्चीत येण्याआधी कुठे बसायचात?"

साहेब ट्रेमधली कपबशी सरळ करू लागले. आक्काच बोलल्या, अगदी हळू. "माझ्या शेजारी."

"मुकादमांना मध्येच आवाज बारीक झालेला ऐकू आला. त्याच वायरीवर दुसरा फोन उचलला की आवाज असाच पडतो. टेकडीला कुलूप आहे. दुसरा फोन उरतो तो हा एकच. मागे कपबशा वाजल्या, पुरुष हसला. आक्कांच्या खोलीत चहाला बंदी आहे. मंगळवारी अकराला तुमच्याकडे पाहुणे होते, पाहुण्यांच्या वहीत तुमचीच नोंद आहे. तुम्ही मीटिंगला गेलात की यंत्र दुरुस्तीला जायचं, आणि यंत्र तर कधी बिघडलंच नाही. शेवटचं म्हणजे, आठ महिन्यांत तुम्ही नऊ दिवस रजेवर होतात. तेच नऊ दिवस तुम्ही आक्कांनाही रजा घ्यायला लावलीत. कारण त्या दिवशी ऐकायला कुणी नसतं."

साहेबांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम साधे, थकलेले दिसले.

"नव्वद टक्के," ते म्हणाले. "प्रत्येक टेबलाचे नव्वद टक्के हुकूम यंत्रातून गेले नाहीत तर खोली बंद. चारही टेबलं मोठ्या केंद्रात हलवणार, माणसांसकट नाही, माणसांशिवाय. आक्का शिकत नव्हत्या. एका टेबलापायी चौघं घरी गेले असते. मी ऐकून भरायचो. आठ महिने जेवण असं धड झालं नाही माझं. मंगळवारी पाहुण्यांना आकडे दाखवत होतो. एक कान त्यांच्याकडे, एक फोनकडे. हात गेला."

"आणि टेप?"

"घाबरलो."

"आणि कागद? त्याच्यावर माझं नाव टाकताना हात कसा गेला?" आक्का उभ्या राहिल्या. इतका वेळ साहेब म्हणणारी बाई आता सरळ तूवर आली. "मला येऊन सांगायचं होतंस, आक्का, शिक, नाही तर चौघं बुडतील. मी शिव्या घातल्या असत्या आणि शिकले असते. तुला या कामाचा ओ का ठो येत नव्हता तेव्हा शेजारी बसवून शिकवलं तुला मी. पण तू मला सांगितलंस, यंत्र ऐकतं. मला खोट्यात बसवलंस आणि वर माझ्याच माथी मारलंस. पाच माणसं होती रे पुलावर."

मुकादम दारातून निघून गेला. कुणीतरी हे तोंडावर म्हणावं, एवढ्यासाठीच तो सकाळपासून थांबला असावा.

६

चारला मोठ्या साहेबांचा फोन आला. कानकोरणीने सगळं सांगितलं. पलीकडून एक समजूतदार, गुळमुळीत आवाज आला. सगळ्यांची अब्रू राहील असा मार्ग आहे, तांत्रिक बिघाड असं लिहा, साहेबांची बदली करू, आक्कांना परत घेऊ, विषय संपला.

"बिघाड झालाच नाही," कानकोरणी म्हणाली. "यंत्राला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगितलं कुणी, ते मी नावानिशी लिहिणार. नव्वद टक्क्यांचा नियम कुणी काढला, तेही लिहिणार."

"तो नियम माझा आहे," आवाज म्हणाला.

"माहीत आहे. स्पेलिंग एकदा सांगता का तुमच्या नावाचं?"

"पुढच्या वर्षी तुमची निवृत्ती आहे, बाई."

"म्हणजे घाबरायला एकच वर्ष उरलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग अहवालाचा कागद पुढे ओढून लिहायला बसली.

लेक जवळ आली. "माझंही लिहा. रकाने उलटे आहेत असं आईने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मी आत्ता बदलते ते, पण लिहा."

"लिहिलंय."

आक्का केव्हाच आपल्या टेबलाकडे गेल्या होत्या. निलंबन उठल्याचा कागद यायला दोन दिवस लागतील, असं कुणीतरी म्हणालं. "मग दोन दिवसांनी तो मला इथेच आणून द्या," असं त्यांनी सुनावलं आणि कीबोर्डवरचं प्लास्टिक नखाने टराटरा फाडून काढलं. तिघे तरुण नियंत्रक मान वळवून बघत राहिले. लेक खुर्ची ओढून आईशेजारी बसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघी एका कामावर वाकल्या होत्या.

"आई, जमेल का तुला? नाही तर मी खरंच तसं यंत्र बांधते. ऐकणारं. सहा महिन्यांत होईल."

"बांध. पण तोवर हे मी शिकणार. माझ्या नावानं गाडी सुटते, तर ती माझ्याच हातानं सुटेल. चूक झाली तर ती माझी, तिच्यासाठी मी उभी राहीन. पण माझ्या नावानं दुसऱ्या कुणी चुकायचं नाही." आक्कांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "इथे काय टाकायचं?"

"नवा पासवर्ड. जुना मी काढून टाकला."

"काय टाकू?"

"मला सांगू नकोस," लेक म्हणाली. "मलासुद्धा नाही. कुणालाच नाही."

ती उठली आणि आईकडे पाठ करून भिंतीकडे तोंड वळवून उभी राहिली. कानकोरणीनेही पाठ फिरवली, मग एकेक करत त्या तिघांनीही. खोलीत एका बोटाने एकेक अक्षर शोधत दाबल्याचा आवाज येत राहिला. मध्ये एकदा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. कुणी घाई केली नाही.